अथेनाचा उजवा डोळा

बडोद्याजवळ छाणीला आमचा मूर्तींचा कारखाना आहे. पूर्वी गणपती करायचो, आता ग्रीक देवी करतो. बडोद्यात हल्ली लग्नाच्या लॉनवर चार खांब आणि एक अथेना असल्याशिवाय नवरानवरी स्टेजवर चढत नाहीत. सगळं फायबरचं आणि सगळं पांढरं.

लोकांना वाटतं, मी फायद्यासाठी धंदा बदलला. खरं कारण माझे वडील, आबा. आमच्याकडे मूर्तीचे डोळे घरातल्या थोरल्यानेच रेखायचे, दुसऱ्याने त्या ब्रशला हातही लावायचा नाही. गेल्या वर्षी आबांचा हात कापायला लागला, आणि "आता थांबा" म्हणायची माझी छाती होईना. पांढऱ्या ग्रीक देवीला बुबुळं नसतात. म्हणून मी ग्रीक झालो.

वर्षभर छान चाललं. मग माझ्या मुलीने, सानवीने, घोळ घातला. ती कलेचा इतिहास शिकते. जेवताना तिने सांगितलं, की ग्रीक लोक मूर्ती रंगवायचे. केस, ओठ, डोळे, सगळं. पुढे ऊनपावसात, मातीत रंग उडाला. युरोपातल्या लोकांना त्या सापडल्या तेव्हा बहुतेक पांढऱ्या झालेल्या. त्यांना तेच शोभिवंत वाटलं, आणि त्यांनी बँका, कोर्टं, म्युझियमं तशीच पांढरी बांधली.

"आणि त्यांचं बघून आपण लॉन," मी म्हणालो.

आबांचं माझ्याकडे लक्ष नव्हतं. "म्हणजे डोळे होते?"

"होते, आजोबा."

दुसऱ्या दिवशी आबा अंघोळ करून, धुतलेला सदरा घालून अलकापुरीच्या ऑर्डरच्या अथेनासमोर बसले. मी पोचलो तेव्हा डावा डोळा झाला होता. देवी सरळ माझ्याकडे बघत होती. उजवा मात्र कानाकडे निघाला होता.

तेवढ्यात डेकोरेटर नीलभाईंचा फोन आला. "पृथ्वीभाई, पेली तो व्हाइट ज जोइए, हों." मला हायसं वाटलं. मी स्प्रे गन उचलली.

"आबा, पार्टीला पांढरीच हवी. गोऱ्यांची पद्धतच तशी. तुमचे डोळे झकास आलेत, पण काय करणार?"

"गोऱ्यांच्या नावावर खपवू नकोस," आबा म्हणाले. "उजवा चुकलाय. मला दिसतो."

त्यांनी टर्पेंटाइनच्या फडक्याने तो डोळा स्वतःच पुसला आणि ब्रश माझ्यापुढे धरला. "वर्षभर आंधळ्या मूर्ती करतोयस माझ्यासाठी. आता पुरे."

मी ब्रश घेईना. "आबा, ती पांढरीच जाणार आहे."

"जाऊ दे. आधी डोळा काढ."

माझ्या हाताला काही झालेलं नाही. तरी त्या एका डोळ्याला मला अर्धा तास लागला, कारण मूर्ती मला नीट दिसतच नव्हती.