तीन पायांचा आहेर

मित्रांनो, मी एक जुना ट्रान्झिस्टर आहे. लगेच गाणी लागतील म्हणून कान टवकारू नका. तुम्ही ट्रान्झिस्टर म्हणता तो अख्खा रेडिओ. मी त्याच्या पोटातला दाणा. हरभऱ्याएवढा जीव आणि खाली तारेचे तीन पाय. बारीक आवाज आत घ्यायचा आणि मोठा करून बाहेर सोडायचा, एवढंच माझं काम. तरी मला चोरीच्या सोन्यासारखं वागवलं. का, ते सांगतो.

बहात्तरचा दुष्काळ सरला, त्यानंतरची गोष्ट. कराडजवळच्या एका गावात आप्पासो नावाचा माणूस राहायचा. पलटणीत सिग्नलचं काम करून घरी आलेला. गोठ्याशेजारच्या खोलीत तारा, बॅटऱ्या आणि सोल्डर घेऊन बसायचं, हा त्याचा छंद. त्याची बायको बनाबाई. टायफॉइडनंतर तिचे कान जवळजवळ गेले. एका दुपारी तिची शेळी चंद्री वेताला अडली आणि ओरडून ओरडून थकली. बनाबाई भिंतीपलीकडं भाकऱ्या थापत होती. तिला कळलंच नाही. करडू मेलं. त्या दिवसापासून आप्पासोनं तिच्यासाठी ऐकायचं यंत्र करायला घेतलं. तयार यंत्राची किंमत पुण्याच्या दुकानात नुसती विचारून तो उठून आला होता. मुंबईहून आणलेले दाणे त्यानं लावून पाहिले, पण खरखर इतकी की माणसाचं बोलणं तीत बुडून जायचं. म्हणून त्यानं बोटीवर नोकरीला असलेल्या मेव्हण्याला, सयाजीला, माझा नंबर कळवला.

सयाजीनं मला हॅम्बुर्ग बंदराजवळच्या दुकानात घेतलं. तिथं माझी किंमत दोन कप चहाएवढी. त्यानं मला कापसात गुंडाळून डबीत घातलं. परदेशी पार्सलावर एक चिठ्ठी चिकटवावी लागते. आत काय आहे आणि त्याची किंमत काय, ते लिहायचं. सोबतचा खलाशी म्हणाला, "खरी किंमत लिही गड्या, नडणार न्हाई कुठं."

सयाजी उसळला. "बहिणीला धाडतोय रं! लग्नात चार आण्याचा आहेर म्हणून पुकारतोस व्हय? पोस्टात चार माणसं वाचतील."

तुम्ही ऐकलंच असेल. आपल्याकडं मांडवात कर्ण्यावरून आहेर पुकारतात. मामाचं नाव, गाव, आहेर काय. मोठा आहेर असला की मामाची मान ताठ. सयाजीनं माझा आहेर पुकारला तो एका झोकदार मनगटी घड्याळाच्या किमतीनं.

झालं! मुंबईत कस्टमच्या कचेरीत चिठ्ठी वाचली गेली. परदेशी सुटा भाग म्हणजे चैन, चैनीवर दाबून कर, आणि तोही चिठ्ठीवरच्या किमतीवर. कुणीतरी डबी उघडून मला चिमटीत धरलं आणि उजेडात फिरवलं. माझा मधला पाय वाकला. आणखी एकदा वाकता तर तुटलाच असता. तो पाय सांभाळत मी गावच्या पोस्टात आलो आणि कपाटात पडलो.

आप्पासो घ्यायला आला. कराचा आकडा ऐकून त्यानं टेबलावर हात आपटला. "एवढ्यात दुभती शेळी येती रं!"

"चांगली येती," पोस्टमन दादासो म्हणाला.

"पलटणीत असलं दाणं ओंजळीनं वापरलं मी!"

"माझ्यावर कशाला वराडता? मी लावलाय का कर?"

"ज्यानं लावलाय त्याला बोलव मग."

"त्यो दिल्लीत बसतोय. माझी सायकल तिथवर जात न्हाई. आठ दिवसांत सोडवा, न्हाईतर माल माघारी जातोय."

"जाऊ दे माघारी!" आप्पासो तरातरा निघून गेला.

मित्रांनो, कपाटाच्या अंधारात माझा जीव टांगणीला लागला. दार करकरलं की वाटायचं, आली माघारी जायची वेळ. पुन्हा तो प्रवास, पुन्हा ती चिमटी. माझा पाय तुटला तर मी कुणाच्याच कामाचा नाही. आणि पाय शाबूत राहिला तरी काय? जिच्यासाठी निघालो, तिचे कान तसेच बंद.

मुदत सरायला एक दिवस उरला आणि बनाबाई आली. पोरं मागून 'भैरी, भैरी' करतात म्हणून घराबाहेर पडायची बंद झालेली बाई. पण आली.

"किंमत कुणी लिवली?" तिनं विचारलं.

दादासो तिच्या कानाशी ओरडला, "सयाजीनं!"

ती खुदकन हसली. "आहेर पुकारलाय मुडद्यानं!" मग पदर डोळ्यांना लागला.

"आप्पासो म्हणाला, माघारी धाडा!"

"भावाचा आहेर माघारी? मग माहेरात कुठल्या तोंडानं जाऊ?"

पोस्टमास्तर म्हणाले, "बाई, घाई करू नका. नीट विचार करा."

"मला ऐकाया येत न्हाई, साहेब," असं म्हणून तिनं पदराची गाठ सोडली आणि नोटा टेबलावर ठेवल्या. "चंद्री इकली."

"लेक इकली म्हणा की," दादासो पुटपुटला. ते मात्र तिला खरंच ऐकू आलं नाही.

घरी आप्पासोनं माझा वाकडा पाय पक्कडीनं हळूच सरळ केला. मला सोल्डरचा डाग देताना हात जरा रेंगाळला असता तर मी तापून कायमचा मुका झालो असतो, आणि दुसरा कुठून आणणार होता? घाम गाळत, पुटपुटत तो काम करत होता. सरकार, दिल्ली, मेव्हणा, सगळ्यांचा उद्धार चालला होता. बनाबाई यंत्राच्या तारेची बोंडी कानात घालून समोर बसली होती. त्यानं बॅटरी जोडली. तोंडाचा पट्टा चालूच.

"आवं, तोंड आवरा," ती म्हणाली. "एवढ्या घाण शिव्या रोज देता व्हय?"

आप्पासोच्या हातातली पक्कड पडली.

"पक्कड पडली," ती म्हणाली, आणि दोघंही हसत सुटली.

मग ती यंत्र घेऊन गोठ्यात गेली. मोकळ्या दाव्याशी उभी राहिली. वारा आला, पाचट सळसळलं. होतं नव्हतं ते सगळं मी मोठं करून तिच्या कानात ओतलं. पण चंद्रीचा आवाज मी कुठून आणू?

आप्पासोनं त्यानंतर परदेशी सुटा भाग कधी मागवला नाही. सुटे भागच येईनात, तेव्हा सांगलीहून त्याच्याकडं शिकायला येणारे दोघं छंदिष्टही यायचे बंद झाले. देशातले कारखाने जगावेत म्हणून कर होता म्हणे. जगवा की! पण जो दाणा इथं बनतच नाही, त्याला चैन कशी म्हणता? बाईचे कान ही चैन आहे काय? माझ्या तोंडावर सांगा.

आता मी म्हातारा झालोय. यंत्राच्या डबीला तडा गेलाय. बनाबाई सकाळी बॅटरी घालायला लागली की माझा जीव मुठीत. उलटी बसली तर माझी राख, आणि माझ्या जागी बसायला कुणी नाही. म्हणून सांगतो मित्रांनो, बंद पडलेलं यंत्र भंगारात टाकण्याआधी त्याचं पोट उघडा. माझ्यासारखा एखादा धडधाकट दाणा आत असेल, तो जपून काढा. कुणाच्या तरी कानाला लागेल.

आणि परदेशातून बहिणीला काही धाडलंत, तर किंमत खरी लिहा. आहेर मांडवात पुकारावा. पार्सलावरची किंमत वाचणारा आपला सोयरा नसतो.