भिंतीच्या आतलं बाळ

सिस्टर मला पोपट म्हणायच्या. धर्मशिक्षणाच्या वर्गात त्यांनी एकदा सांगितलेलं मी दुसऱ्या दिवशी घडाघडा म्हणून दाखवायची, अर्थ कळो न कळो. त्या वर्षी आमचं पहिलं कम्युनिअन होतं, म्हणजे चर्चमधली पवित्र भाकर आम्ही पहिल्यांदा घेणार होतो. बाप्तिस्म्याचा धडा आला तेव्हा सिस्टर म्हणाल्या, बाप्तिस्मा न होता गेलेलं बाळ स्वर्गात जात नाही. नरकातही नाही. मधे एक जागा आहे, तिथे ते कायमचं राहतं आणि तिथून देव दिसत नाही.

"पण जीव धोक्यात असेल आणि फादर जवळ नसतील, तर कुणीही बाप्तिस्मा देऊ शकतं. हा आपला पोपटसुद्धा!"

वर्ग हसला. मीही हसले. डोक्यावर तीनदा पाणी ओतायचं आणि शब्द म्हणायचे, एवढंच तर होतं.

मी नऊ वर्षांची होते आणि आईला सातवा महिना होता.

त्या दुपारी आई मशीनवर शाळेचे गणवेश शिवत होती. बॉबिन बदलायला म्हणून वाकली ती मशीनला धरून खालीच बसली. बाबा बेकरीत भट्टीवर होते. मी धावत जाऊन मागच्या गल्लीतल्या सुईण मावशींना घेऊन आले. त्यांनी खोलीचं दार लोटून घेतलं. पुष्कळ वेळाने दार उघडलं आणि त्यांनी माझ्या हातात टॉवेलाचं गाठोडं दिलं.

"भाऊ आहे तुझा. छातीशी धर. तुझ्या आईचं रक्त थांबत नाहीये, मला हात मोकळे पाहिजेत."

त्याचं तोंड माझ्या मुठीएवढं होतं. श्वास घेताना त्याची सगळी छाती आत जायची आणि मग बराच वेळ काहीच व्हायचं नाही. मला कळलं. नऊ वर्षांच्या मुलीलाही ते कळतं. मी स्वयंपाकघरात गेले, नळ सोडला, धारेखाली बोटं धरली. पाणी असं गार की बोटं बधिर झाली. वाटलं, एवढासा जीव, हे कसं ओतू डोक्यावर? गारठेल. मी एका हाताने पातेलं भरलं, स्टोव्ह पेटवला आणि बोट बुडवून बघत राहिले.

पाणी कोमट झालं तेव्हा मी खाली पाहिलं. तो गेला होता.

संध्याकाळी फादर आले. म्हातारे होते, वाईट नव्हते. आईच्या डोक्यावर हात ठेवून त्यांनी प्रार्थना केली, मग हलकेच विचारलं, "बाप्तिस्मा झाला होता?"

मावशींनी नकारार्थी मान हलवली.

"मग दफनभूमीत आत जागा देता येणार नाही. भिंतीबाहेर एक कोपरा आहे, तिथे..."

बाबा तसेच बेकरीतून आले होते. भुवयांवर मैदा होता. ते भिंतीकडे बघत उभे राहिले. आई पलंगावर डोळे मिटून पडली होती.

"मी दिला," मी म्हणाले.

सगळे वळले. फादर माझ्यासमोर वाकले. "काय केलंस, सांग बरं."

"पाणी ओतलं. तीनदा."

"आणि म्हणालीस काय?"

मी शब्द म्हणून दाखवले, पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा, एकही अक्षर न चुकता. बाळाला नाव काय दिलं विचारलं तेव्हा आजोबांचं सांगितलं. बाबा मटकन स्टुलावर बसले आणि ओंजळीत तोंड घालून रडू लागले.

बाळाला आत जागा मिळाली. सिस्टरांनी मला वर्गापुढे उभं केलं. "एवढीशी पोर, पण एक आत्मा वाचवला!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

पहिल्या कन्फेशनला, पापांची कबुली द्यायला गेले तेव्हा, जाळीपलीकडे तेच फादर होते. खरं सांगितलं तर बाळाला उकरून भिंतीबाहेर नेतील, हे मला डोळ्यांसमोर दिसत होतं. म्हणून मी सांगितलं, आईला उलट बोलले, मैत्रिणीचं खोडरबर ढापलं. खोडरबर मी ढापलं नव्हतं, पण पापं फारच कमी भरत होती. पाप लपवून कम्युनिअन घेणं हे महापाप, हेही मला पाठ होतं. त्यानंतर दर रविवारी पवित्र भाकर जिभेवर ठेवली की पापावर पाप चढायचं. मावसबहिणींना बाळं झाली, कौतुकं झाली. मी एकालाही मांडीवर घेतलं नाही. लोक म्हणाले, हिला मुलांची आवड नाही. मी म्हटलं, नाही.

छत्तिसाव्या वर्षी दुसऱ्या गावात नोकरीला असताना मी एका अनोळखी, तरुण फादरना सगळं सांगितलं. ते शांतपणे ऐकून म्हणाले, "अहो ताई, ते मधल्या जागेचं वगैरे आता कुणी शिकवत नाही. ती पक्की शिकवण कधी नव्हतीच. तुमचा भाऊ देवापाशीच आहे."

"मग आम्हाला का शिकवलं?"

"तेव्हा तसं शिकवायचे," ते म्हणाले.

माझी सत्तावीस वर्षं त्या एका वाक्यात मावली. मला हलकं वाटायला हवं होतं. प्रायश्चित्ताची प्रार्थना न म्हणता मी उठून गेले.

त्या सुट्टीत मी आईला सांगितलं. ती शर्टाला बटण लावत होती. सुई थांबली नाही.

"मला माहीत होतं," ती म्हणाली.

"कसं?"

"भिंत पातळ होती. स्टोव्ह पेटवल्याचं ऐकलं मी. तू त्याला म्हणत होतीस, झालंच हं, झालंच. मग एकदम गप्प झालीस."

"आणि तू कुणाला बोलली नाहीस?"

"बोलले असते तर तो बाहेर गेला असता."

"आणि मी, आई?"

तिने दोरा दाताने तोडला. म्हणाली, "तू लहान होतीस. वाटलं, विसरशील."

देवावर रागावणं मला त्यामानाने सोपं गेलं. आईशी मी दोन महिने बोलले नाही. मग तिचे गुडघे गेले, आणि तिला रविवारी चर्चमध्ये मिस्सेच्या प्रार्थनेला न्यायला दुसरं कुणी नव्हतं. आता मी तिला चर्चच्या पायऱ्यांपर्यंत नेते. सुरुवातीला ती विचारायची, "आत येतेस?" आता विचारत नाही. कठडा धरून एकेक पायरी चढते, आणि ती बाहेर येईपर्यंत मी फाटकाशी उभी राहते.