थाळीतलं पहिलं वर्तुळ

तिने काचेच्या थाळीत नारिंगी द्रावण ओतलं, झाकण ठेवलं आणि आईला जवळ बोलावलं.

“श्वास घेतला तर चालेल ना?” आईने कुजबुजत विचारलं.

“घे की. आणि मोकळेपणाने बोल. इथे दादा नाहीये.”

बोलून गेली आणि तिने जीभ चावली. सहा वर्षांपूर्वी सांडलेल्या दुधावरून आई दादावर ओरडली आणि त्याच क्षणी तो ताठ होऊन जमिनीवर कोसळला. ती त्याची पहिली फिट. तेव्हापासून आईचा आवाज कधी चढला नाही. तिने दाराची घंटा काढून टाकली, ती भांडी फडक्यावर ठेवायला लागली. बाबा शिंकले तरी डोळे वटारायची. फिट्स मात्र येतच राहिल्या. आईच्या मनातला हा सल एकदाचा काढायचा, म्हणून लेकीने आज तिला हट्टाने प्रयोगशाळेत आणलं होतं.

वरच्या प्रोजेक्टरमधून थाळीवर उजेडाचे मंद ठिपके लुकलुकत होते, कुठेही, कसेही.

“या उजेडाला काही ताळतंत्र नाही,” ती म्हणाली. “कुठला ठिपका कधी चमकेल, मलाही माहीत नसतं. एकट्या ठिपक्याने काही होत नाही. पण कधीतरी चार-दोन जुळून येतात आणि द्रावणात लाट सुटते. दादाच्या मेंदूतही फिट अशीच सुटते. कोणी काही केलेलं नसतं, आई.”

दोघी टक लावून बसल्या. अकराव्या मिनिटाला कडेला हिरवट ठिपका उमटला. त्याचं वर्तुळ झालं, ते पसरत गेलं, मागून दुसरं निघालं.

“बघ! मी हातसुद्धा लावला नाही.”

आईने टेबलाची कड घट्ट धरली होती.

“म्हणजे माझ्या ओरडण्याने नव्हतंच ते?”

“नव्हतंच.”

“मग कधीही येणार? असंच?”

याच प्रश्नावर तिने इथे चार वर्षं घासली होती. तरी ती वहीत मिनिटं टिपायला लागली.

“मग मी करू काय गं?” आई ओरडली, आणि दचकून तिने स्वतःच्याच तोंडावर हात ठेवला.

लेकीला भडभडून आलं. थाळीत वर्तुळं एकमेकांना भिडून विझत होती.

“थांब,” ती म्हणाली. “मघाशी आत येताना मी दार आपटलं ना, त्याचा हादरा बसला असणार टेबलाला.”

दार तिने रोजच्यासारखं हलकेच लावलं होतं.

आईचे खांदे सैल पडले.

“तरी म्हटलं,” ती पुन्हा कुजबुजली. “हळू लावायचं गं.”

निघताना दार आईनेच लावलं, दोन्ही हातांनी.