एक बोट सैल

मी एक नी-ब्रेस बोलतोय, डाव्या पायाचा. बोलतोय म्हणजे कुजबुजतोय, कारण या कपाटाचं दार नीट लागत नाही आणि बाहेर कोण कान लावून उभं असेल याचा नेम नाही. मी संशयी आहे हे आधीच सांगून टाकतो. ज्याच्या खोक्यावर जन्मापासून 'गुडघ्याचं संपूर्ण संरक्षण' असं छापलेलं असतं, त्याने तरी डोळे झाकून कुणावर विश्वास ठेवू नये. 'संपूर्ण' हा शब्द कुणी छापला, त्याच्याशी मला एकदा बोलायचंच आहे.

पुष्कळ लोक मला नी-कॅप समजतात. ती वेगळी. ती मोज्यासारखी ओढून चढवतात, गुडघा जरा कुरकुरत असेल तर तेवढी पुरते. मला दोन्ही बाजूंना बिजागऱ्या आहेत, मांडीवर आणि पोटरीवर बसणारा कडक सांगाडा आहे, चार पट्टे आहेत आणि आतून मऊ अस्तर आहे. पाय वेडावाकडा पिळवटला किंवा उडी मारून खाली आदळला, तर माझं काम सुरू होतं. कारखान्यात एका तपासनीस बाईंनी माझ्या बिजागऱ्या कितीतरी वेळा वाकवून पाहिल्या आणि एकदाही हसल्या नाहीत. मला आवडलेलं ते पहिलं माणूस.

दुकानात मात्र माझा मुक्काम लांबला. मी मोठ्या मापाचा. माझ्या शेजारचे मधल्या मापाचे भराभर गेले आणि मी आपला फळीवरच. दुकानदार धूळ झटकताना माझ्याकडे बघून उसासा टाकायचा. तेव्हाच माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली, की हा माणूस एक दिवस मला कुणाच्या तरी गळ्यात मारणार.

आणि एका दुपारी त्या मायलेकी आल्या. मुलगी सोळा वर्षांची, एका जागी दोन मिनिटं उभी राहत नव्हती. तिला घरात सगळे भिंगरी म्हणतात. तिच्या मामाचं गॅरेज आहे. त्याने तिला मातीच्या ट्रॅकवर मोटोक्रॉस शिकवलं होतं, म्हणजे उंचवट्यांवरून मोटरसायकल उडवायची आणि चिखलाच्या वळणांवर पाय बाहेर काढून तोल सांभाळायचा. तिचा डावा गुडघा पूर्वी हँडबॉल खेळताना मुरगळला होता. तो बरा झाला होता, पण डॉक्टरांनी बजावलं होतं, की गाडी चालवायची तर बिजागरीचा ब्रेस हवा, आणि व्यायामही सोडायचा नाही. आईने त्यातलं पहिलं वाक्य उचललं होतं. ब्रेस नाही तर गाडी नाही.

आई शिवणकाम करायची. हे मला तिने तोंड उघडायच्या आधीच कळलं, कारण दुकानदार जीन्सवरूनच मांडीला टेप गुंडाळायला लागला तशी तिने ती त्याच्या हातातून काढून घेतली.

"पँटवरून माप घेता? मग कोटावरून बनियनचं घेत असाल."

"अहो ताई, चार-दोन मिलिमीटरने काय होतंय? हा घातला की पोरीच्या गुडघ्याला काही होणारच नाही बघा."

हे ऐकून मी स्वतःच दचकलो. असं वचन मी कुणालाही दिलेलं नाही.

आईने मुलीला आतल्या खोलीत नेऊन, आखूड चड्डी घालायला लावून माप घेतलं. गुडघ्याच्या वाटीच्या मधोमध खडूची खूण केली, तिथून वर मोजून मांडीचा घेर घेतला, खाली मोजून पोटरीचा. पाय सरळ, अंग सैल न सोडता. इतकं नेमकं माप मी त्या दुकानात कधी पाहिलं नव्हतं. दुकानदाराने तक्ता बघून सांगितलं, की मधलं माप बरोबर बसेल.

"मग मोठं द्या," आई म्हणाली. "वाढतं अंग आहे. एक बोट सैल असू दे."

शिवणाऱ्या बाईचा हात! आयुष्यभर मुलांचे कपडे शिवताना तिने शिवणीत जादा कापडाची माया सोडली होती, खालची पट्टी दुमडून ठेवली होती. कपड्यात ते शहाणपण असतं. पण ब्रेस म्हणजे कपडा नव्हे. मी सैल असलो तर खाली घसरतो, माझी बिजागरी गुडघ्याच्या सांध्यावरून सरकते आणि मग माझं असणं हे नसण्यापेक्षा वाईट. दुकानदाराला हे माहीत होतं. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि तो म्हणाला, "मोठं तर उत्तमच."

मला आईचाही संशय आला. गाडीच्या नावाने नाक मुरडणारी ही बाई. पोरीला टोचत-काचत राहावं, कंटाळून तिने खेळच सोडावा, म्हणून तर हिने जाणूनबुजून ढगळ माप घेतलं नसेल? ही शंका मी बरेच दिवस मनात जपली. अशा शंकांना मी चांगला सांभाळतो.

ट्रॅकवरच्या पहिल्याच दिवशी मी वाटीवरून निसटून नडगीवर आलो. भिंगरीने पट्टे करकचून ओढले. पुढच्या उंचवट्याला मी पुन्हा खाली. तिने मला वर ओढलं, मी परत खाली. शेवटी तिने जुना लोकरी मोजा घडी करून माझ्या आणि मांडीच्या मध्ये कोंबला.

"घट्ट बसलाय ना गं?" मामाने विचारलं.

"एकदम फिट्ट, मामा."

मामाचा विश्वास बसला. मामालोकांचा बसतो. तो दुसऱ्या गाडीचा प्लग बघायला गेला.

ती आईला का सांगत नव्हती, ते मला हळूहळू उमगलं. आईचं माप चुकलं असं त्या घरात आजवर कुणी म्हटलं नव्हतं. आणि म्हटलं असतं तरी आई काय म्हणणार? "ब्रेस बसत नाही ना, मग गाडी बंद." महिन्याभराने पोरीची पहिली शर्यत होती. तेव्हा तिने तोंडाला कुलूप लावलं आणि मोजा कोंबत राहिली.

शर्यतीला दहा दिवस उरले असताना, एका वळणावर तिने डावा पाय बाहेर काढला आणि तो चाकोरीत अडकला. गाडी पुढे, पाय मागे. मी तेव्हा तिच्या नडगीवर लोंबकळत होतो. गुडघा आत पिळवटतोय हे मला कळलं, मी बिजागरी आवळायचा प्रयत्न केला, पण जिथे सांधाच नाही तिथे बिजागरी काय धरणार? मला माझीच लाज वाटली. नशिबाने पाय सुटला. ती थोडा वेळ चिखलात बसून राहिली, मग उठून घोट्याला लागल्यासारखं लंगडली. घोट्याला! मामाने बर्फ आणून घोट्यावर ठेवला. मी हे सगळं बघितलं, पण मला विचारतं कोण?

दोन-तीन दिवसांत दुखायचं थांबलं. पण पुढच्या वेळी काय होईल या विचाराने मी धास्तावलो. ती मात्र रोज जिन्यावरून नीट चालण्याचा सराव करायची, आई बघत असताना.

एका सकाळी आईने माझं अस्तर धुवायला काढलं. ते हातात घेतलं आणि खिडकीपाशी जाऊन उजेडात धरलं. मी बघत होतो. लोक पत्र वाचतात तशी ती झिजलेलं कापड वाचते. खालची कड काळी पडली होती, घासून घासून तिचे केस उठले होते. वरची कड मात्र कोरी करकरीत, आणि तिच्यात लोकरीचे निळे धागे अडकलेले.

"भिंगरे, इकडे ये. हा ब्रेस कुणाला दिला होतास?"

"कुणाला नाही."

"खोटं बोलू नकोस. हा तुझ्या पायावर झिजलेला नाही. हा कुणीतरी नडगीवर घातलाय."

एकदम भिंगरीचा बांध फुटला. मोजा, चाकोरी, घोटा, सगळं तिने सांगून टाकलं. "तुला सांगितलं असतं तर तू गाडीच बंद केली असतीस," असंही म्हणाली. आई खाली बसली, तिचा गुडघा दोन्ही हातांत धरला आणि कितीतरी वेळ दाबून पाहत राहिली. तिचा आवाज आला तेव्हा तो चढलेला नव्हता.

"माप माझं चुकलं. आणि पाय तू पणाला लावलास होय गं?"

आधी मायलेकी डॉक्टरांकडे गेल्या. त्यांनी गुडघा सगळ्या बाजूंनी हलवून पाहिला, सांधा शाबूत आहे म्हणाले, आणि दोघींनाही सारखंच रागावले. तिथून तडक दुकान. मी पिशवीत होतो.

"मोठं माप मी मागितलं, मान्य," आई दुकानदाराला म्हणाली. "पण तुम्हाला कळत होतं ना? माझ्याकडे कुणी ढगळ कोट शिवायला सांगितला तर मी त्याच्याशी भांडते. तुम्ही का नाही भांडलात?"

"गिऱ्हाइकाशी कसं भांडायचं, ताई?"

"माझ्या पोरीच्या गुडघ्यासाठी भांडायचं!"

वापरलेला म्हणून त्याने मला परत घेतलं नाही. मधल्या मापाचा नवा ब्रेस आला. या वेळी आईने पोरीचे बूटसुद्धा सोबत नेले होते. ब्रेस खाली बुटाला अडतो का, बसल्यावर मागे टोचतो का, सगळं पाहिलं. वीस उठाबशा काढायला लावल्या, दुकानात एक चक्कर पळायला लावली, आणि ब्रेस जागचा हलला नाही तेव्हाच मान डोलावली. त्या नव्याकडे मी पिशवीतून बारकाईने पाहिलं. फार चकचकीत होता. माझा त्याच्यावर अजून विश्वास नाही.

शर्यतीच्या दिवशी मी घरी राहिलो. दिवसभर माझ्या बिजागऱ्या आखडून गेल्या होत्या. संध्याकाळी जिन्यात पावलं वाजली. मी कान टवकारले. डावं, उजवं, डावं, उजवं, दोन्ही सारख्या जोराची. तेव्हा कुठे मला हायसं वाटलं. ती अकरावी आली होती आणि मामा असा ओरडत होता जणू ती पहिलीच आली.

हात-पाय धुतल्यावर भिंगरीने मला खुंटीवरून काढलं. "आई, हा कुणाला तरी देऊन टाकू? जागा अडवतोय नुसती."

आई मशीनवर होती. तिने सुईतून दोरा ओवला, मग मान वर केली.

"ठेव कपाटात. दोन वर्षांनी तुला हाच लागेल."

"दोन वर्षांनी?" भिंगरी जागच्या जागी उभी राहिली. "तेव्हापण तू मला चालवू देणार?"

"देणार नसते तर वाढतं माप कशाला घेतलं असतं?"

आणि मशीन पुन्हा सुरू झालं. पोरीने मला दोन्ही हातांनी छातीशी धरलं. जिच्यावर मी सगळ्यात जास्त संशय घेतला, तिने दुकानात पहिल्याच दिवशी होकार देऊन टाकला होता. त्या होकारामुळेच मी रोज घसरत होतो आणि मला पत्ता नव्हता.

आता मी कपाटात आहे. माझं ऐकणारे जे कुणी असाल, तुम्हाला एवढंच सांगतो. खोक्यावरच्या शब्दांवर विसंबू नका, दुकानदाराच्या गोडव्यावरही नको. माप उघड्या पायाचं घ्या, आजच्या पायाचं घ्या. बसत नसेल तर ज्याला सांगायची भीती वाटते त्यालाच आधी सांगा. मी वाट बघतोय. पोरगी वाढतेय, असं ऐकतो. पण खात्री झाल्याशिवाय मी मानणार नाही.