कमळकाकडीचा तुकडा

इनेसच्या पत्राला उत्तर द्यायचं राहून गेलं, असं नोरिओ स्वतःला सांगत असे. पण ते राहून गेलं नव्हतं, त्याने ठेवलं होतं. पत्र हिवाळ्यात पोर्तुगालहून आलं, 'नोरिओसान आणि हिसाएसान' अशा दोघांच्या नावाने. हिसाएला, म्हणजे त्याच्या बायकोला, जाऊन तेव्हा महिनाही झाला नव्हता.

पोरीने शाळकरी जपानी अक्षरांत लिहिलं होतं: 'तुमच्या घरून मी खूप शिकून आले. आता इथेही दारात चपला काढून नीट वळवून ठेवते. जेवताना काड्यांत धरलेला घास आईच्या काड्यांत देते, हिसाएसाननी माझ्याकडून घेतला होता तसा. आई आधी हसायची, आता तीही मला देते. हिसाएसान कशा आहेत?'

दर वेळी नोरिओ इथपर्यंत वाचून थांबायचा.

उचिको या जपानी गावातल्या त्यांच्या घरात हिसाए वरच्या दोन खोल्या प्रवाशांना द्यायची. शाळेच्या ग्रंथालयातून निवृत्त झालेला नोरिओ पाहुणे आले की पुस्तकाआड जायचा. इनेस उन्हाळ्याच्या तोंडावर आली. परदेशात पहिल्यांदाच निघालेली, सगळं पुस्तकातून शिकलेली. तिकीट देणाऱ्या यंत्रालाही वाकून नमस्कार करायची. पहिल्याच दिवशी शौचालयातल्या सपाता पायांत घालून थेट चटईवर आली, तेव्हा हिसाए पोट धरून हसली आणि मग स्वतःच माफी मागत बसली. त्या पोरीसमोर नोरिओचंही तोंड उघडायचं, एवढं खरं.

तिच्या शेवटच्या संध्याकाळी हिसाएची थोरली बहीण मित्सुयो स्वयंपाकघरात तळण करत होती. इनेसने कमळकाकडीचा एक कुरकुरीत तुकडा काड्यांत उचलला, "हा तुम्ही खा," म्हणाली आणि हात तसाच हवेत धरला. कुणीही ताटली पुढे केली असती. हिसाएने क्षणभर त्या तुकड्याकडे पाहिलं, आपल्या काड्या पुढे केल्या आणि तो वरच्या वर घेतला.

काड्यांतून काड्यांत एकदाच देतात. दहन झाल्यावर घरची माणसं राखेतून हाडं उचलतात, तेव्हा. जेवताना पोरांनी असं केलं तर हातावर चापट बसते. नोरिओच्या हातातली वाटी कलंडली. पण पाहुणीला कोण बोलणार? हिसाए तुकडा कुडुम कुडुम खात म्हणाली, "वा! तुझ्या हातून जास्त छान लागला."

पानं गळायच्या सुमारास हिसाए अंथरुणाला खिळली आणि उठलीच नाही. दहनानंतर मित्सुयोच्या काड्यांतून एक हाड नोरिओच्या काड्यांत आलं, तेव्हा त्याला बायकोचा चेहरा आठवला नाही. कमळकाकडी आठवली. तेव्हापासून त्या पोरीचा राग त्याच्या मनात बसला. इतकं वाचलेला माणूस, आणि असल्या अपशकुनावर विश्वास! त्याची त्याला लाज वाटायची. लाज वाटूनही राग काही जाईना.

हिसाएचं वर्षश्राद्ध झालं. भिक्षू गेले. मित्सुयो चहा ओतता ओतता म्हणाली, "नोरिओसान, त्या पोर्तुगालच्या पोरीला उत्तर दिलंत का?"

त्याने कप तोंडाशी नेला आणि न पिताच खाली ठेवला.

"म्हणजे नाही. जन्म पुस्तकांत घातलात आणि दोन ओळी लिहवत नाहीत तुम्हाला! तळ्यातल्या माशासारखं नुसतं तोंड काय उघडताय? बोला की."

"काय लिहू, नेएसान? तिने त्या दिवशी तो तुकडा... आणि मग हिसाए..."

हिसाएसारखाच तोही तिला नेएसान, म्हणजे ताई म्हणायचा. मित्सुयोने किटली खाली ठेवली. "वर्षभर हे मनात धरून बसलात? अहो, हिसाएला आधीच कळलं होतं. डॉक्टरांनी वसंतातच सांगितलं. मी होते बरोबर."

नोरिओला ऐकू आलं, पण समजायला वेळ लागला.

"त्या रात्री माझ्या कढईपाशी येऊन हसत होती वेडी. म्हणाली, 'नेएसान, माझी हाडं उचलायची सवय लागू दे घराला. आज कमळकाकडीवर सुरुवात झाली.' मी झारा उगारला तिच्यावर. मग दोघी रडलो. तुम्ही बाहेर त्या पोरीला शब्दकोश दाखवत होतात."

"मला का नाही सांगितलं?"

मित्सुयोने मान फिरवली. "म्हणाली, त्यांना सांगितलं तर ते त्या आजारावरची पुस्तकं आणतील. वाचत बसतील. माझ्याशी बोलायचं राहून जाईल."

असं काही नाही, असं त्याला म्हणायचं होतं. म्हणवेना. त्या उन्हाळ्यात हिसाए रोज संध्याकाळी शेंगा सोलत त्याच्याजवळ येऊन बसायची. माहेरची नदी, लग्नातला तंग किमोनो, न जगलेलं मूल, काय काय बोलायची. वयाबरोबर बाई बडबडी झाली, असं त्याला वाटलं होतं. पानात बोट घालून तो "हं, हं" करायचा. ती निरोप घेत होती, आणि त्याने पुस्तक मिटलंही नव्हतं.

"पोरीला एवढंच कळवा, हिसाए गेली," मित्सुयो हळू आवाजात म्हणाली. "काड्यांचं काढू नका. हाय खाईल बिचारी."

"नाही, नेएसान. सगळं लिहितो."

"काय हा दुष्टपणा!"

"तुम्ही दोघींनी मला जपलंत," नोरिओ म्हणाला. "जपलंत, आणि आमची शेवटची संध्याकाळ कुठली होती तेही मला कळलं नाही. त्या पोरीला मी तसं जपणार नाही."

मित्सुयोने बाहीने डोळे पुसले.

त्याला दोन दिवस लागले. अवघड अक्षरांच्या शेजारी त्याने इनेससाठी बारीक अक्षरांत उच्चार लिहिले. 'हिसाए गेली. काड्यांतून काड्यांत आम्ही फक्त आपल्या माणसाची हाडं देतो. हिसाएला ते माहीत होतं, आपला आजारही माहीत होता, आणि तरी तिने तुझा तुकडा घेतला, हसून. मी वर्षभर तुझ्यावर रागावलो, कारण स्वतःवर रागवायला घाबरत होतो. तुझ्या घरी ही रीत ठेव किंवा मोड. पण आई देते आहे तोवर तिच्याकडे बघून घे.'

शेवटची ओळ फार उपदेशाची वाटून त्याने खोडली. मग पुन्हा लिहिली.

टपाल कचेरीतल्या मुलीने पाकीट तोललं, तिकीट लावलं आणि विचारलं, "विमानाने ना?"

"हो," तो म्हणाला. "विमानाने."

तिने पाकीट मागच्या टोपलीत टाकलं आणि पुढच्या माणसाला हाक मारली.