चौथी पट्टी

मित्रांनो, मला पाय तीन आहेत, पण आयुष्यात एक पाऊलही मी स्वतःहून टाकलेलं नाही. मी एक जुना ट्रायपॉड आहे. ज्याच्या डोक्यावर कॅमेरा बसवतात, तो स्टँड. मी नीट उभा असलो की माझी कुणाला आठवण होत नाही. पडलो की सगळ्यांना होते.

कारखान्यात ॲल्युमिनियमच्या नळ्या एकीत एक बसवून माझे पाय केले. प्रत्येक पायाला दोन चाप. चाप उघडला की आतली नळी सरकते, दाबला की जागच्या जागी घट्ट. मानेपाशी काचेची इवलीशी डबी, तिच्यात एक बुडबुडा. बुडबुडा मधोमध असला म्हणजे कॅमेरा सरळ. मला शेवटचा स्क्रू लावणाऱ्या बाईने गदागदा हलवून पाहिलं आणि म्हणाली, "हा तर खांब आहे खांब!" ते ऐकून मी जो ताठ झालो तो कितीतरी वर्षं ताठच होतो.

मी आलो एका कॉलेजात, चित्रीकरण शिकवणाऱ्या विभागात. मुलं माझ्यावरून भांडायची. "मला हाच पाहिजे, तो लंगडा नको," म्हणायची. तेव्हा लंगडा दुसरा होता. मलाही तेव्हा हसू आलं होतं, खोटं कशाला बोलू?

आमच्या स्टोअरवर एक काका बसत. त्यांच्या टेबलामागे एक नियम चिकटवलेला होता. मोडलेलं सामान ज्याने आणून दाखवलं, त्याला ते सत्र संपेपर्यंत सामान बंद. मोडलं कुणी, हे शोधायचे कष्ट कोण घेणार? जो सांगायला येतो तो आयता सापडतो, म्हणून शिक्षा त्यालाच. हा नियम लिहिणारा स्वतः शाळेत काय शिकला असेल देव जाणे, इथे मात्र त्याने मुलांना लपवायला शिकवलं. आणि मुलं हुशार, पटकन शिकली.

एका मुलाने मला जिन्यात आपटलं. पुढच्या पायाच्या खालच्या चापातली पिन वाकली. त्याने इकडेतिकडे पाहिलं, चापावर काळी चिकटपट्टी गुंडाळली आणि मला परत केलं. काकांनी वहीत लिहिलं, 'ठीक'. पुढच्या वर्षी पट्टी सैल झाली. एका मुलीने तिच्यावर चंदेरी पट्टी लावली. 'ठीक'. मग एकाने निळी लावली. 'ठीक'. तीन वर्षांत तीन पट्ट्या झाल्या, आणि तोंड उघडणारा एकही निघाला नाही.

मग मला कॅप्टनने नेलं. शेवटच्या वर्षाची ही मुलगी. सगळ्यांना कामाला लावायची, म्हणून वर्गाने ठेवलेलं हे नाव. परीक्षेसाठी तिला एका गाण्याचा व्हिडिओ करायचा होता, तोही उघड्यावर. वर्षभराचे निम्मे गुण त्या एका गाण्यावर होते. गाणारी तिची मैत्रीण. आवाज असा की तिला 'भोंगा' म्हणत. सामान वाहायला कॅप्टनचा दादा आला होता. त्याचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं.

तलावाच्या दगडी बांधावर मला उभं केलं. वारा असा होता की भोंगाचे केस तिच्याच तोंडात जात होते. माझ्या डोक्यावर विभागातला सगळ्यात महागडा कॅमेरा, समोर पाणी, आणि पुढचा पाय आत सरकतोय. केसाएवढा, पण सरकतोय. मी ओरडलो असतो, पण तोंड कुठून आणू?

चित्र संथ गतीत हवं होतं. त्यासाठी गाणं दुप्पट वेगाने वाजवायचं आणि गाणारीने तितक्याच भराभर ओठ हलवायचे. नंतर चित्र हळू केलं की सगळं बरोबर जुळतं.

"अगं, मी गातेय की शेंगदाणे चावतेय?" भोंगा म्हणाली.

"चाव, पण तालात चाव," कॅप्टन म्हणाली. "चेहरा दुःखी!"

"या वेगात दुःखी कसं व्हायचं, तूच करून दाखव!"

दादा हसून हसून बेजार झाला. मला हसू येत नव्हतं. दर खेपेला कॅप्टन बुडबुड्याकडे पाहायची. तो एका बाजूला गेलेला दिसे. ती माझी मान वळवायची, बुडबुडा मध्ये आणायची आणि म्हणायची, "हं, आता सरळ." पुन्हा तिरका. पुन्हा मान. सहा वेळा तिने मान सरळ केली, पायाकडे एकदाही पाहिलं नाही. सगळे असंच करतात. दिसतं ते नीट करायचं. वाकून बघायला कंबर दुखते.

शेवटचं कडवं उरलं. सूर्य टेकला होता, पाण्यावर तांबूस उजेड पसरला होता. कॅप्टनला हाच उजेड हवा होता. गाणं सुरू झालं. भोंगाने डोळे मिटले. आणि माझा पुढचा पाय एकदम आत गेला.

मी पाण्याच्या बाजूला कललो. कॅमेरा डोक्यावरून सुटला. दादाने झेप घेतली आणि त्याचा पट्टा पकडला. मी दगडावर आपटलो. भोंगा किंचाळली, आणि त्या दिवशी पहिल्यांदा तिचा आवाज खऱ्या वेगात ऐकू आला.

कॅप्टन माझ्यापाशी बसली. नखाने तिने पट्टी सोलली. निळी निघाली, खाली चंदेरी, त्याखाली काळी.

"किती जणांना माहीत होतं हे!" ती म्हणाली.

दादाने चाप पाहिला. "पिन वाकलीय. असल्या पिना माझ्या दुकानात डब्यात लोळत असतात. दहा मिनिटांचं काम."

तोवर उजेड गेला. कडवं राहिलं.

"हे बघ, चौथी पट्टी लाव आणि उद्या देऊन टाक," भोंगा म्हणाली. "पुढच्या रविवारी दुसरा स्टँड घेऊ, कडवं उरकू. सांगितलंस तर सामान बंद होईल. परीक्षेचं काय?"

पट्टीचं बंडल भोंगाच्या हातात होतं. मला वाटलं, कॅप्टन आता गुंडाळणार. या वयात माणसाला परीक्षेपेक्षा मोठं काय असतं?

"पुढच्या वेळी कॅमेरा पकडायला दादा नसेल," कॅप्टन म्हणाली आणि बंडल घेऊन पिशवीत टाकलं.

सोमवारी दादाला सोबत आणून तिने मला उघड्या चापासकट काकांच्या टेबलावर ठेवलं.

"कुणी मोडला?"

"माहीत नाही, काका."

"मग तुझ्या नावावर जाईल." काकांनी दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "बाळ, मी काही पाहिलं नाही. बाहेर जा, पट्टी लाव, पुन्हा ये. मी 'ठीक' लिहितो."

"तीन पट्ट्या लागल्या, तरी तुम्ही तेच लिहिताय."

काकांचा चेहरा उतरला. माणूस वाईट नव्हता, पण नियमापुढे मान तुकवून तुकवून त्यांची मान वाकलेलीच राहिली होती. त्यांनी तिच्या नावापुढे लिहिलं, 'सामान बंद'.

दादाने खिशातून पिन काढली. "आत्ताच्या आत्ता बसवून देतो."

"बाहेरच्या माणसाने हात लावायचा नाही."

"मग आतल्या माणसाने लावावा!" दादाने पिन टेबलावर आपटली आणि दोघं निघून गेली.

दुपारी काकांनी दार लोटलं, पेचकस घेतला आणि ती पिन बसवली. दहा मिनिटंही लागली नाहीत. वहीत लिहिलं, 'ठीक'. तीन वर्षांत पहिल्यांदा ते खरं होतं. कॅप्टनच्या नावापुढचे शब्द मात्र त्यांनी खोडले नाहीत.

परीक्षेच्या दिवशी मीही वर्गात होतो, भिंतीशी, पाय घट्ट रोवून. कॅप्टनचं गाणं लावलं. मुलं पुढे सरकून बघू लागली, इतकं सुरेख झालं होतं. मग शेवटचं कडवं आलं. ते तिने विटांवर फोन टेकवून घेतलं होतं. वाऱ्याने फोन हलत होता, तलाव हलत होता, भोंगा हलत होती.

"इथे स्टँड का नाही लावला?" सरांनी विचारलं.

निळी पट्टी लावणारा मुलगा दुसऱ्या रांगेत बसून नखं बघत होता. काका दारात उभे होते.

"मिळाला नाही, सर," कॅप्टन म्हणाली. सरांनी गुण कापले. मी तिथेच उभा होतो, धडधाकट.

मित्रांनो, तुमच्या हातून काही मोडलं तर 'मोडलं' म्हणा. आणि मोठ्या माणसांनो, जो सांगायला येतो त्यालाच बडवू नका. नाहीतर तुम्हाला मोडकी वस्तू कधीच दिसणार नाही, फक्त पट्ट्या दिसतील.

कपाटात माझ्याशेजारी आणखी चार स्टँड आहेत. त्यांतल्या दोघांच्या पायांना पट्टी आहे. उद्या सकाळी त्यांच्यावर कॅमेरे चढतील. त्याआधी कुणीतरी वाका रे, आणि त्यांचे पाय बघा.