कोमट पाणी

आंबा घाटाखाली गरम पाण्याचे झरे आहेत असं कुणी म्हणालं, की आबा हात झटकायचे. "कसलं गरम? कोमट हाय. माझं आजोळ हाय तितं, मला नगा सांगू." पोस्टातून रिटायर झाल्यावर माझ्या वडिलांना भांडायला हा एकच विषय उरला होता.

आणि गुडघे असे, की उठताना दाराची कडी धरावी लागायची. ऑपरेशनचं नाव काढलं की जेवण अर्धं टाकून उठायचे. शेवटी दोन हजार चारच्या दिवाळीनंतर मीच हट्टाला पेटले. माझ्या नवऱ्याने, अतुलने, कागलच्या कंपनीतून रजा काढली आणि मित्राची ओम्नी आणली. फडक्यात मूठभर तांदूळही बांधून घेतले. कुंडात सोडले की भात होतो, असं त्याला कुणीतरी सांगितलं होतं.

"पावणं, भात शिजला तर मी ऑपरेशन करून घेतो," आबा गाडीत म्हणाले.

"मामा, मागनं फिरायचं न्हाय हां."

"केरबाचा शब्द हाय."

घाट उतरून गाडी जाईल तिथवर नेली. पुढे रानातली पायवाट. मी कुणाला विचारायला गेले तर आबा खेकसले, आणि काठी टेकत स्वतःच पुढे निघाले. एका दगडी भिंतीच्या कडेने त्यांनी आम्हाला खाली नेलं. करंजाच्या झाडाखाली ओहळ वाहत होता. मी हात घातला. खरंच कोमट. बराच वेळ फडकं बुडवून ठेवलं, तांदूळ नुसते भिजले.

"बगितलंसा?" आबांना कोण आनंद!

भिंतीच्या वरून मात्र वाफ येत होती.

"मामा, वर काय हाय?" अतुलने विचारलं.

"गावाचं कुंड. आपलं हे."

"आपलं म्हंजे?"

आबा काठीने ओहळातला पाला बाजूला सारू लागले. त्यांचं आजोळ म्हणजे त्या गावाचा बौद्धवाडा. छप्पनच्या आधी त्याला दुसरं नाव होतं. वरच्या कुंडाला आमच्या माणसांनी शिवायचं नाही. वापरून, वाहून, निवून जे खाली येईल ते आमचं. वरची माणसं गरम पाण्याच्या गोष्टी सांगायची, ती आबांना फुशारकी वाटायची. माझं डोकंच फिरलं.

"आबा, उठा."

"ऱ्हाऊ दे की गं."

"उठा म्हणते ना!"

वर एक म्हातारे काठावर बसले होते. "कुठले पाव्हणे?" त्यांनी विचारलं. आबांनी माझा हात घट्ट धरला.

"कोल्हापूर," ते म्हणाले. मग जरा थांबून, "आजोळ हितलंच. खालच्या वाड्यातलं."

म्हाताऱ्यांनी सरकून जागा केली. "सावकाश सोडा पाय. चटका बसतो."

आबांनी अंगठा बुडवला आणि झटकन वर घेतला. पुन्हा बुडवला. हळूहळू दोन्ही पाय आत गेले.

"निशा, गरम हाय गं हे."

मला रडू येत होतं आणि रागही.

"माझ्या आयचं गुडघं माझ्यापरीस वाईट हुतं. म्हायेरी आली की रोज सांजचं त्या खालच्या पाण्यात बसायची. म्हणायची, लोक उगंच सांगत्यात, ह्येच्यानं काय हुत न्हाय."

अतुलने तेच फडकं कुंडाच्या पलीकडच्या टोकाला, झरा उकळत वर येत होता तिथे, सोडलं होतं. बऱ्याच वेळाने वर काढलं, तर भात झाला होता. त्याने ते गुपचूप मागे लपवलं.

"दाव की," आबा म्हणाले. शीत चेपून पाहिलं. "डॉक्टरला सांगा, येतोय म्हणून."

"आबा, आता निघूया. घाट चढायचाय."

"बस जरा," ते म्हणाले. "आयच्या वाटणीचं ऱ्हायलंय."